'ब्रेकिंग बॅड'चा शेवट: वॉल्टरच्या पिंडाला कावळा शिवला का?

अबोली_सांगली

(आधीच सांगते, खाली शेवट पूर्ण फोडलेला आहे. ज्यांचं बघायचं राहिलंय त्यांनी इथूनच मागे फिरा, नंतर मला बोल लावू नका.)

काल रात्री पावणेबाराला आमच्याकडे 'ब्रेकिंग बॅड' संपलं. (केमिस्ट्रीचा मास्तर वॉल्टर कॅन्सर झाल्यावर घरासाठी म्हणून मेथ हा अमली पदार्थ बनवायला लागतो, ती अमेरिकन मालिका.) पाच सीझन, ६२ भाग. आम्हाला अडीच महिने लागले, कारण मी ते बाबांबरोबर बघितलं आणि बाबांचा नियम असा की रात्री एकच भाग आणि एकादशीला सुट्टी. (एकादशीचा आणि मेथचा संबंध काय ते विचारायचं नाही.) बाबांनी ३१ वर्षं अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवली. त्यांना गळाला लावलं तेच मुळी 'हिरो तुमच्यातलाच आहे' असं सांगून. पहिल्याच भागात वॉल्टर वर्गात केमिस्ट्री म्हणजे बदलाचा अभ्यास वगैरे जीव तोडून सांगतो आणि पोरांचं लक्षच नसतं. बाबा म्हणाले, "वर्ग बरोबर दाखवलाय."

माझं दुखणं शेवटच्या भागाचं आहे. मला तो फार गोड वाटला. बघा ना. ज्या पैशासाठी पोरगं फोनवर 'मर एकदाचा' म्हणालं, ते ९७ लाख २० हजार डॉलर जुन्या भागीदारांच्या, ग्रेचेन-एलियटच्या, हातून त्याच पोराला मिळण्याची सोय. गुंड जॅकची टोळी एका मिनिटात साफ. धंद्यातल्या लिडियाच्या चहात विष. टोळीने कोंडून ठेवलेल्या जेसीची, म्हणजे वॉल्टरच्या जुन्या विद्यार्थ्याची आणि साथीदाराची, सुटका. बायकोला, स्कायलरला, सरकारी वकिलाशी सौदा करता यावा म्हणून अमली पदार्थविरोधी खात्यातला साडू हँक आणि त्याचा जोडीदार गोमेझ यांना जिथे पुरलं त्या जागेचे आकडे लिहिलेलं लॉटरीचं तिकीट. झोपलेल्या लेकीच्या, होलीच्या, केसांवरून हात फिरवायलासुद्धा मिळाला! आणि मरण कुठे, तर लाडक्या लॅबमध्ये, मागे गाणं लावून. एवढ्या लोकांची वाट लावलेल्या माणसाच्या पिंडाला पहिल्या हाकेला कावळा शिवला. आमच्या आजीच्या वेळी आम्ही दोन तास उन्हात उभे होतो, आणि तिने उभ्या जन्मात कुणाला मोठ्याने बोललं नव्हतं.

बाबा काही बोलले नाहीत. कप विसळून पालथा घातला आणि झोपायला गेले. तुम्हाला काय वाटतं?

नाना_फडतूस

कावळा शिवला नाही. मालिका लिहिणाऱ्या गिलिगनने दर्भाचा केला.

पोपटराव

नाना, धागा संपला. कुलूप लावा.

सुमी

नाही नाही, थांबा. अबोली, मला तुझं अर्धं पटतं. माझ्यासाठी मालिका दोन भाग आधीच संपली, 'ओझिमँडियस'ला. वाळवंटात हँक मेला, वॉल्टर बाजूला आडवा पडला तिथेच. नंतर तो पैशाचं एकच पिंप ढकलत उजाड माळावरून जातो तेव्हा वाटेत एक पँट पडलेली दिसते. पहिल्या भागात उडून गेलेली त्याचीच पँट ती! माझ्या नवऱ्याने दाखवली, मी तर पिंपाकडेच बघत होते. त्यानंतरचा प्रत्येक मिनिट मला पदरचा वाटला.

चहाबाज

मी २०१३ वाला, त्यामुळे मोठी पोस्ट लिहायचा हक्क राखून ठेवतो.

शेवटचा भाग अमेरिकेत २९ सप्टेंबर २०१३ ला रविवारी रात्री ९ ला लागला. पूर्व किनाऱ्याचे ९ म्हणजे आपल्याकडे सोमवारचे सकाळचे साडेसहा. नेटफ्लिक्स भारतात आलं जानेवारी २०१६ मध्ये. मधल्या काळात आपल्याकडचे लोक काय करायचे ते सुज्ञांस सांगणे न लगे. आम्ही बंगळुरूत चौघं मराठी पोरं एका फ्लॅटवर. सोमवारी ऑफिसात दिवसभर कुणी जिभेवर काही आणू नये म्हणून मी कानात बोळे घालून बसलो होतो, दुपारी जेवायलासुद्धा एकटाच गेलो. संध्याकाळी फाइल आली. आणि अबोली, योगायोग बघ, तेव्हा खरंच पितृपक्ष चालू होता. आमच्यातला एकजण आजोबांच्या श्राद्धाला गावी गेलेला, त्याच्यासाठी थांबायचं की नाही यावर भांडण झालं. थांबलो नाही.

आता गंमत. आमची फाइल अर्धवट होती. आम्हाला ते माहीतच नाही! जेसी गाडीत बसून फाटक तोडून, रडत-ओरडत जातो, तिथे पडदा काळा. आम्ही चौघं (म्हणजे तिघं) सुन्न. वॉल्टर अंधारात तसाच उभा, पोटात गोळी, पोलीस येतील की नाही, मरेल की जगेल, काही सांगितलंच नाही. काय शेवट केलाय साहेबांनी! मी पुढचे दोन दिवस ऑफिसात त्या शेवटाची बाजू लढवत होतो. 'सगळंच दाखवायला पाहिजे का? प्रेक्षकावर सोडायला दम लागतो' असली वाक्यं टाकत होतो. समोरच्याला कळेना मी कशाबद्दल बोलतोय, पण माझा आवेश बघून तोही मान डोलवायचा. तिसऱ्या दिवशी गावाहून आलेल्याने पूर्ण फाइल आणली.

खरं सांगू? अजूनही आमचाच शेवट बरा होता असं वाटतं. त्यात कावळा यायच्या आधीच लाइट गेली होती.

वऱ्हाडी_ठेचा

चहाबाज, लय हसलो बे. पडला ना खुर्चीवरून. बाजूवाला म्हणे काय झालं, त्याले काय सांगू का एका मानसानं डाउनलोड फेल झालं त्यालेच कला समजली.

प्रमाणपत्र

काही गोष्टी नोंदवून ठेवतो.

या भागाचं नाव 'फेलिना'. त्याच अक्षरांची इंग्रजीत उलटापालट केली की 'फिनाले' होतं. शिवाय मार्टी रॉबिन्सचं १९५९ चं 'एल पासो' हे गाणं. त्यातला काउबॉय फेलिना नावाच्या बाईपायी खून करून पळतो, पण राहवत नाही म्हणून परत येतो आणि गोळ्या खाऊन तिच्या मिठीत मरतो. भागाच्या सुरुवातीला वॉल्टर बर्फाने झाकलेल्या चोरीच्या गाडीत बसतो तेव्हा तिथे याच गायकाची कॅसेट असते. म्हणजे शेवट आधीच सांगून टाकलाय, फक्त त्याची फेलिना कोण ते शेवटच्या दोन मिनिटांत कळतं. बायको नव्हे, मुलं नव्हेत. स्टीलची टाकी.

'फेलिना'तली अक्षरं Fe-Li-Na, म्हणून लोह-लिथियम-सोडियम म्हणजे रक्त-मेथ-अश्रू, हे मात्र चाहत्यांनी जुळवलेलं आहे. छान आहे, पण जुळवलेलं.

अबोलींच्या मूळ आक्षेपाबद्दल: लेखन आणि दिग्दर्शन दोन्ही स्वतः व्हिन्स गिलिगनचं आहे, त्यामुळे गोडवा कुणा दुसऱ्याच्या माथी मारता येणार नाही.

केमिकल_लोचा

६२ भाग, आणि आवर्तसारणीत ६२ वं मूलद्रव्य समॅरियम, ज्याचा एक समस्थानिक कॅन्सर हाडांत पसरल्यावर दुखणं कमी करायला देतात. हेही जुळवलेलंच, कारण पहिला सीझन लेखकांच्या संपामुळे सातच भागांचा झाला होता. संप नसता तर आकडा दुसराच आला असता आणि पब्लिकने त्याच्यातूनही काहीतरी काढलंच असतं.

बाबांना सांग, वॉल्टरच्या मेथचा निळा रंग खोटा. शुद्ध माल पांढरा-पारदर्शक असतो. रंग आला म्हणजे कचरा राहिला. मालिकेला डॉना नेल्सन नावाच्या ओक्लाहोमा विद्यापीठातल्या केमिस्ट्रीच्या प्राध्यापिका सल्ला द्यायच्या, पण निळा रंग गोष्टीला हवा होता म्हणून राहिला. आणि ॲसिडने बाथटब विरघळतो तो प्रकार घरी करू नये. 'मिथबस्टर्स'वाल्यांनी करून बघितला, टब जागच्या जागी.

अबोली_सांगली

लोचा, निळ्या रंगावर बाबा दुसऱ्या सीझनपासून कुरकुर करतायत. "मोरचूद घातलाय काय यांनी?" हे वाक्य आमच्या घरात आता म्हण झालंय.

गारठलेला_मिशिगनकर

मी आधी तीन वर्षं अल्बुकर्कीला होतो. तिथल्या जुन्या गावातल्या एका मिठाईच्या दुकानात निळी खडीसाखर पुड्यांमधून विकतात. सुरुवातीच्या सीझनांत पडद्यावर जो माल दिसतो तो त्यांनीच बनवलेला. आई-बाबा भारतातून आले होते तेव्हा मी कौतुकाने एक पुडी आणली. आईने ती देवापुढे ठेवली. दोन दिवस रोज नैवेद्य. मला सांगायचा धीर झाला नाही.

वॉल्टरचं घरही बघून आलो, लांबून. मालिकेत वॉल्टर फेकतो तसे लोक खरंच तिथे छपरावर पिझ्झे फेकायचे, शेवटी मालकांनी भलंमोठं कुंपण घातलं. घर कुणाचं, मालिका कुणाची, आणि पिझ्झा कोण काढतंय!

पोपटराव

नैवेद्य!!! 🙏 आता कावळ्याचं काय घेऊन बसलात, साक्षात देवाने चाखली.

सुमी

एक थिअरी आहे, कुणी लिहिली नाही म्हणून मी लिहिते. वॉल्टर त्या बर्फातल्या गाडीतच मेला, पुढचं सगळं मरणाऱ्या माणसाच्या मनातलं. तो स्टीअरिंगला टेकून पुटपुटतो, मला घरी पोचव, बाकीचं मी बघतो. आणि वरून किल्ली पडते! तिथून पुढे तो भूत असल्यासारखा कुठेही शिरतो. अख्ख्या देशाचे पोलीस शोधतायत आणि हा बायकोच्या स्वयंपाकघरात खांबाआड उभा. अमेरिकेतल्या काही समीक्षकांनीही तेव्हा असंच लिहिलं होतं. असं धरलं की गोडपणा सुसह्य होतो. मरताना प्रत्येकाला वाटतंच, सगळं मार्गी लागलं.

नाना_फडतूस

म्हणजे 'असंभव' झालं की. मी सुलेखाची वाट बघत बसतो.

वऱ्हाडी_ठेचा

नाना, आपल्या मालिकायचं नाव नका काढू. 'रात्रीस खेळ चाले' पाहून आमच्या घरी आई विहिरीकडे एकटी जात नव्हती, अन् आमच्याकडे विहीर नाही.

चहाबाज

पण नाना, विषय काढलाच आहे तर. आपल्याकडे मालिका संपते म्हणजे टीआरपी पडतो आणि शेवटच्या आठवड्यात लेखक घाईघाईने सगळ्यांना रांगेत उभं करतो. हा गेला, ती सुधारली, याचं लग्न, सामूहिक आरती. अबोलीला खटकतोय तो हाच वास आहे का? रांगेत उभं करण्याचा?

अबोली_सांगली

हो! अगदी हाच. शब्द सापडत नव्हता. रांगेत उभं केलंय.

प्रमाणपत्र

तपशिलात तसं दिसत नाही. उदाहरणार्थ, जॅकच्या टोळीला साफ करणारी डिकीतली मशिनगन. पाचव्या सीझनच्या पहिल्याच भागात वॉल्टर ती विकत घेताना दाखवलाय, आणि ती कुणावर आणि कशी चालवायची हे तेव्हा लेखकांनाच ठाऊक नव्हतं. नंतर डोकं खाजवत बसले आणि गॅरेजचं दार उघडण्याच्या मोटरवर ती बसवली. ते घड्याळ घ्या. पेट्रोल पंपावरच्या फोनवर तो मनगटावरचं घड्याळ काढून ठेवतो. लोकांनी त्यावर पानंच्या पानं लिहिली. खरं कारण, आधी दाखवलेल्या भविष्यातल्या दृश्यात त्याच्या हातात घड्याळ नव्हतं! रांग लावायची असती तर माणसं स्वतःला असल्या कोपऱ्यात अडकवून घेत नाहीत.

तात्पुरती_ओळख

हा आयडी आज उघडला, उद्या बंद करेन. माझा नेहमीचा आयडी तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे.

तुम्ही सगळे शेवट कुठला यावर भांडताय आणि अजून कुणी स्वयंपाकघराबद्दल बोललेलं नाही. (सुमी, तू खांब म्हणालीस, तेवढंच.) स्कायलर टेबलाशी सिगरेट ओढत बसलीये. तो बोलायला लागतो तसं ती त्याला तोडते, की आता परत एकदा घरासाठी केलं म्हणालास तर बघ. आणि तो म्हणतो, माझ्यासाठी केलं. आवडत होतं. मला ते चांगलं जमत होतं.

माझ्या नवऱ्याने चार वर्षं माझ्यापासून लपवून शेअर बाजारात, ऑप्शन्समध्ये, पैसे घातले. मेथ नाही, पोलीस नाही, सगळं कायदेशीर. घरून काम करायचा. सव्वानऊ ते साडेतीन बाथरूमला जाताना फोन न्यायचा, आणि मी त्याला ॲसिडिटीची औषधं आणून देत होते. आधी आमची एफडी, मग पीएफवर कर्ज, मग सासऱ्यांचे पैसे. कळलं ते पतपेढीचा माणूस दारात आला तेव्हा. माझ्या हातात पोळीचं पीठ होतं आणि तो माझी सही दाखवत होता, जी मी केलेली नव्हती. पुढचं वर्षभर घरात एकच वाक्य. तुमच्यासाठीच करत होतो. मुलीच्या शिक्षणासाठी, मोठ्या घरासाठी. सासू, नणंद, त्याचे मित्र, सगळे मला तेच सांगायचे, अगं घरासाठीच ना, बाईसाठी तर नाही ना उडवले. मीच वाईट, मीच त्याला धारेवर धरणारी.

स्कायलरचं काम करणाऱ्या अ‍ॅना गनने शेवटच्या सीझनच्या वेळी वर्तमानपत्रात लेख लिहिला होता, लोक स्कायलरचा इतका द्वेष का करतात यावर. तो द्वेष वळून तिच्यापर्यंत, म्हणजे नटीपर्यंत पोचला होता. माणसं मारणारा नायक आणि हिशोब विचारणारी बया. मला तो लेख वाचून काही नवीन कळलं नाही. मी त्यात राहत होते.

ते दृश्य मी एकटीने बघितलं. 'माझ्यासाठी केलं' ऐकलं आणि थांबवलं. उठून गॅस बंद आहे का बघितला. पुन्हा येऊन मागे नेऊन ऐकलं. तीनदा.

अबोली, तू म्हणतेस त्याला सगळं मिळालं. त्या टेबलापाशी स्कायलरला जे मिळालं ते बघ. मला ते दीड वर्षाने मिळालं, मुलीचा डबा भरताना, मागून. "मला मजा यायची गं." एवढंच. मी वळले नाही. पण त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलू शकते.

मशिनगन वगैरे तुमचं तुम्ही बघा.

सुमी

काय लिहू कळत नाही. वाचलं एवढंच कळवते.

गारठलेला_मिशिगनकर

हे वाचून तो प्रसंग आत्ता पुन्हा बघितला. कॅमेरा हळूहळू पुढे सरकतो आणि खांबाआडून हा दिसतो, इतके दिवस मला ती फक्त करामत वाटत होती. बाईने एकटीने सिगरेट ओढायची म्हटली तरी घरात तो आहेच.

नाना_फडतूस

आयडी बंद करू नका ताई. मी दर्भाचा कावळा मागे घेतो.

वऱ्हाडी_ठेचा

जेसीचं कोनीच बोलून नाही राहिलं म्हनून मी बोलतो. तो भागात पहिल्यांदा दिसते तवा लाकडाची पेटी बनवून राहिला असते, निवांत, उजेडात, हात फिरवून राहिला पेटीवर. अन् मंग खाडकन साखळी ओढल्या जाते, हा तिथंच, कोंडवाड्यात. ते पेटी त्यानं शाळेत असताना बनवली होती अन् गांजापायी देऊन टाकली होती, तिसऱ्या सीझनात सांगतलं त्यानं. वॉल्टर म्हनते मार मले गोळी. तो म्हनते, तुले पाह्यजे ना, तूच मार. पुऱ्या मालिकेत पहिल्यांदा पोट्ट्यानं मास्तरचं ऐकलं नाही. माह्यासाठी थोच शेवट. बाकी मास्तर टाकीजवळ पडला का टाकीत पडला, आपल्याले काय करनं हाय.

केमिकल_लोचा

+१ ठेचा. आणि ज्यांना जेसीचं पुढे काय झालं ते हवंय त्यांच्यासाठी 'एल कमिनो' हा सिनेमा आहे, २०१९ चा. फाटक तोडल्यापासून पुढे.

चहाबाज

म्हणजे माझी अर्धवट फाइल आणि 'एल कमिनो' सलग लावला की नीट बसतं! मधल्या दोन मिनिटांची गरजच नाही. मी २०१३ मध्येच म्हणत होतो.

पोपटराव

चहाबाज, तुम्ही ऑफिसातल्या त्या माणसाला आता तरी सांगितलं का?

चहाबाज

तो आता माझा मॅनेजर आहे. नाही.

अबोली_सांगली

तात्पुरती_ओळख, तुला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. धाग्याबद्दल एवढंच, की माझ्या यादीत मी 'वॉल्टरला काय मिळालं' एवढंच मोजत बसले होते. ते स्वयंपाकघर त्यात नव्हतंच. 'गोड' हा शब्द मी मागे घेते. शेवटची दोन मिनिटं मात्र मला अजूनही खटकतात, तेवढं राहू दे.

हा सगळा धागा काल बाबांना वाचून दाखवला (नैवेद्यापर्यंत हसले, नंतर गप्प). मग म्हणाले, शेवटी तो लॅबमध्ये हिंडतो तेव्हा प्रेशरच्या काट्यावर टिचकी मारतो ते बघितलंस का? मी म्हटलं नाही. रिमोट घेऊन स्वतः शोधून काढलं. खरंच मारतो. पोटातून रक्त येतंय, बाहेर पोलिसांच्या गाड्या लागतायत, आणि हा काटा बरोबर दाखवतोय ना ते तपासतोय.

बाबा निवृत्त झाले त्या दिवशी घरी पाहुणे बसले होते आणि बाबा आलेच नाहीत. आई मला म्हणाली, जा, बघून ये. मी तेव्हा नववीत. लॅबमध्ये ट्यूबलाइट चालू, गळ्यात सत्काराचा हार तसाच, आणि बाबा एकेका टेबलाचा गॅसचा कॉक फिरवून बघत होते. एकदा बघून झालं, दिवा घालवला, पुन्हा लावला आणि परत पहिल्या टेबलापासून सुरू. किपचं उपकरण फडक्याने पुसून कपाटात ठेवलं. मला म्हणाले, "शिपाई नीट बंद करत नाही." घरी येईपर्यंत एक शब्द नाही. मला तेव्हा राग आला होता, कारण गुलाबजाम संपले होते.

काल ते दृश्य त्यांनी दोनदा बघितलं. कावळ्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "मला ते कळत नाही. काटा बरोबर होता."

आता रात्री साडेनऊला काय बघायचं हा प्रश्न आहे. 'बेटर कॉल सॉल' (यातल्याच वकिलाची मालिका) सुरू करावी म्हणतेय, ६३ भाग आहेत. बाबा विचारतायत, त्यात लॅब आहे का?

केमिकल_लोचा

आहे. पण चौथ्या सीझनपर्यंत थांबायला सांग, तिथेही बांधकामच चालू आहे.